कुमार गंधर्वांची थांबलेली वर्षं

पंडित कुमार गंधर्वांच्या आयुष्यातली १९४७ ते १९५३ ही वर्षं आपण बहुतेक वेळा एका वाक्यात उरकतो. क्षय झाला, देवासला गेले, बरे झाले आणि वेगळंच गायला लागले. गाण्याच्या गप्पांत एवढं पुरतं. पण वय, नाव, स्पर्धा या अंगाने ही वर्षं बघायला घेतली की थक्क व्हायला होतं. ऐन तेविशीत, भरात आलेल्या गवयाचं गाणं बंद पडतं. बरोबरीचे गवई नेमके याच काळात नाव कमावत असतात. भीमसेन जोशी त्यांच्याहून दोनच वर्षांनी मोठे. १९४६ साली पुण्यात आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या एकसष्टीच्या सुमारास ते गायले आणि तिथून त्यांच्या नावाचा बोलबाला सुरू झाला. इकडे कुमारजी देवासला खाटेवर पडून. आणि इतक्या वर्षांनी उठल्यावर हा माणूस गेलेला वेळ भरून काढायला धावत नाही. मुंबईला परतही येत नाही. देवासलाच घर करतो आणि १२ जानेवारी १९९२ ला डोळे मिटेपर्यंत तिथेच राहतो.

मी गाणं शिकवते. क्लासमध्ये नाव घालायला आलेले आईबाप पहिल्याच भेटीत गाण्याच्या वरच्या परीक्षेबद्दल विचारतात, "विशारद किती वर्षांत होईल?" त्यामुळे हे प्रकरण माझ्यासाठी नुसत्या चरित्रवाचनाचं नाही. "घाई करू नका, वाटचालीचा आनंद घ्या" असं सगळेच सांगतात. तसं वागलेल्या एका माणसाने नेमकं काय केलं, त्याला ते का परवडलं, त्याची किंमत कोणी मोजली, हे मला तपासून बघायचं होतं.

माझं म्हणणं आधीच मांडते. देवासची वर्षं फळाला आली याचं श्रेय आजाराला देता येत नाही. त्या काळात क्षय हजारोंना झाला. रिकामा वेळ हाताशी आला तर त्याचं काय करायचं, हे कुमारजी मुंबईत, वयाच्या बाराव्या वर्षापासून शिकले होते. पहिलं थांबणं वडिलांनी आणि गुरूंनी समजून-उमजून घडवलं. दुसरं अंगावर कोसळलं. पहिलं झालं नसतं तर दुसऱ्यात माणूस खचला असता, असं मला वाटतं.

तबकडीएवढं गाणं

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावी गावातला. घर कानडी, लिंगायत. वडीलही गाणारे. मुलाच्या गळ्यात काय आहे हे घरच्यांना कळलं तेव्हा तो ऐकलेलं गाणं जसंच्या तसं म्हणत होता. अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ, रामकृष्णबुवा वझे, ज्यांची ज्यांची ग्रामोफोनची तबकडी कानावर पडेल त्यांचं गाणं तो हरकतीसकट उचलायचा. एका मठाच्या स्वामींनी त्याला 'कुमार गंधर्व' म्हटलं आणि तेच नाव कायमचं चिकटलं. मग जलसे सुरू झाले. वडील मुलाला घेऊन गावोगाव फिरू लागले. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत जाणत्या गवयांसमोर अकरा वर्षांच्या या पोराने गाऊन सभा जिंकली.

इथे त्या तबकडीचा जरा विचार करू. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. खाँसाहेब मैफलीत तासभर मांडत तो राग तेवढ्यात बसवावा लागे. मुखडा, थोडे आलाप, चार ताना, की संपलं. मुलगा उचलत होता ते हे आटवलेलं गाणं. त्यात सूर खरा होता, लय खरी होती. पण ही तान इथेच का आली, तिच्या जागी दुसरं काय येऊ शकलं असतं, खाँसाहेबांनी काय गाळलं, हे तबकडी सांगत नाही. ती संपली की नकलेलाही पुढे वाट नाही.

टाळ्या मात्र त्या नकलेलाच मिळत होत्या, पैसेही. आज असा मुलगा सापडला तर काय होईल हे आपण टीव्हीवर बघतोच. स्पर्धा, मग गणपतीतले आणि नवरात्रातले कार्यक्रम, मग परदेश दौरा, आणि आवाज फुटायच्या आत जेवढं पदरात पडेल तेवढं पाडून घ्यायचं. मी त्या आईबापांना लोभी म्हणणार नाही. संधी दारात उभी असताना दार लावून घ्यायला छाती लागते.

कोमकळींच्या घराने ती छाती दाखवली. त्याच १९३६ साली वडिलांनी मुलाला मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांच्या स्वाधीन केलं. ज्याचे जलसे जोरात चालू होते अशा कमावत्या मुलाला शिकायला ठेवलं. या सगळ्या प्रकरणातला हा पहिला निर्णय, आणि माझ्या मते सर्वांत मोठा. पुढच्या आजाराचे गोडवे गाताना लोक नेमका हाच विसरतात.

ऑपेरा हाऊसजवळची शाळा

बाळकृष्ण रघुनाथ देवधर हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. ऑपेरा हाऊसजवळ त्यांचं विद्यालय होतं. माणूस विलक्षण जिज्ञासू. आवाज कसा तयार होतो, पाश्चात्त्य संगीतात तो कसा कमावतात, याचा त्यांनी अभ्यास केला होता. एकाच घराण्याचा झेंडा त्यांनी कधी खांद्यावर घेतला नाही. त्यांच्याकडे वेगवेगळ्या घराण्यांचे गवई येत, बसत, गात. सिंदे खाँसारखे फकिरी वृत्तीचे, मैफलीच्या दुनियेत फारसं नाव नसलेले उस्तादही त्यात होते.

अशा जागी कुमारला सगळ्यांत आधी काय सोडावं लागलं असेल तर ते आयतं गाणं. त्याच्या गळ्यात दहा उस्ताद होते, पण स्वतःचा राग नव्हता. आता शिकायचं होतं ते राग कसा उभा राहतो, बंदिशीचं अंग कसं असतं, एकच बंदिश दोन घराण्यांत दोन तऱ्हांनी का मांडली जाते. पलुस्करांच्या परंपरेतली ही शाळा असल्याने स्वरलिपी आलीच. ऐकलेलं ताबडतोब कागदावर उतरवायचं, कागदावरचं गळ्यातून काढायचं. पुढे देवासच्या वर्षांत हीच स्वरलिपी त्यांच्या कामी आली. तेव्हा मात्र ती कशासाठी उपयोगी पडणार हे ना शिकवणाऱ्याला ठाऊक होतं ना शिकणाऱ्याला.

मैफली पूर्ण बंद नव्हत्या, पण त्या आता मुख्य नव्हत्या. याच मुंबईत अंजनीबाई मालपेकरांकडेही ते शिकले. मूळच्या गोव्याच्या, भेंडीबाजार घराण्याच्या या बाई एकेकाळी मैफली गाजवून मग गाण्यातून बाजूला झालेल्या. त्यांच्याकडे जायचं ते सूर लावायला. ज्याला अकराव्या वर्षी जिना हॉलने डोक्यावर घेतलं त्याने ऐन तारुण्यात पुन्हा सुरापाशी येऊन बसायचं. मला यात शिकवणाऱ्यांचं मोठेपण दिसतं तेवढंच त्या पोराचंही. कौतुकाची चटक लागलेला मुलगा असं बसत नाही.

आता माझ्या क्लासमधली गोष्ट, कारण ती इथेच सांगायला हवी. गंधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची शिडी महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण आणि मग विशारद. शिडी वाईट नाही. तिने गाणं हजारो मध्यमवर्गीय घरांत नेलं, विशेषतः मुलींपर्यंत नेलं. दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून मात्र शिडीवर गर्दी झाली. दहावीच्या आत अमुक परीक्षा झालीच पाहिजे, असं वेळापत्रक आता घरी ठरतं. मग मूल वहीत उतरवलेल्या बंदिशीबरोबर आलाप पाठ करतं, तानाही पाठ करतं. पहिली तान सम ते सम, दुसरी खालीपासून, तिसरी दुगुन. समोर बसलेल्या मुलीला मी म्हणते, "आता हाच यमन, पण वही मिटून. गंधारावर थांब आणि मग तुला वाटेल तिकडे जा." मुलगी थांबते खरी, पण पुढे जात नाही. गळ्यात तयारी असते, सूर पक्का असतो, तरी ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. पुढचं वहीत नाही म्हणून.

नव्वद वर्षांपूर्वी तबकडीपुढे बसलेला शिवपुत्र आणि वहीपुढे बसलेली ही मुलगी एकाच ठिकाणी अडलेले आहेत. फरक एवढाच, की त्याला तिथून पुढे न्यायला अकरा वर्षं दिली गेली.

देवास

१९४७ साली देवधरांच्याच विद्यालयात शिकणाऱ्या भानुमती कंस यांच्याशी कुमारजींचं लग्न झालं. त्याच वर्षी क्षयाचं निदान झालं. तेव्हाचा क्षय म्हणजे काय हे आज समजावून सांगावं लागतं. मिरजेच्या वान्लेस सॅनिटोरियमचं नाव ज्यांनी आजीआजोबांच्या तोंडून ऐकलं असेल त्यांना त्या नावातली भीती माहीत असेल. उपचार म्हणजे कोरडी हवा, पौष्टिक खाणं आणि पडून राहणं. स्ट्रेप्टोमायसिन अमेरिकेत १९४३ साली सापडलं होतं, पण इथल्या रोग्याच्या हाताला ते लागायला वेळ होता. गवयाला आणखी एक पथ्य, गायचं नाही. पुन्हा कधी गाता येईल का, याची हमी कुणीही देऊ शकत नव्हतं.

कोरड्या हवेसाठी जानेवारी १९४८ च्या अखेरीस हे जोडपं माळव्यात, देवासला आलं. इंदूरपासून पस्तीसेक किलोमीटरवरचं हे गाव मराठी माणसाला परकं नाही. पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती, अशी एकाच गावात दोन संस्थानं इथे नांदली. गावावर चामुंडेची टेकडी आहे. दरबारी गवई रजब अली खाँ तेव्हा हयात होते. तरी मुंबईच्या मानाने हे आडगावच. मैफलींचा बाजार, तबकड्यांच्या कंपन्या, आकाशवाणीचं मोठं केंद्र, सगळं दूर.

इथे तो माणूस पडून राहिला आणि ऐकत राहिला. यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि त्यात काव्य फार शिरलं आहे, म्हणून मी साध्या शब्दांत सांगते. कानावर पडत होतं ते रस्त्यावरून जाणाऱ्या जोग्यांचं गाणं. देवासला नाथपंथी शीलनाथ महाराजांची धुनी आहे, त्यामुळे निर्गुणी भजनं गाणाऱ्यांचा राबता होता. शेजारच्या घरांतून बायकांची गाणी येत. लग्नघरात 'बना', म्हणजे नवरदेवाची गाणी. पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने संजा मांडतात, तेव्हाची संजेची गाणी. आपल्याकडच्या भोंडल्याच्या, गुलाबाईच्या गाण्यांशी तिचं नातं ऐकताक्षणी कळतं. होळीला फाग. पावसाची वेगळी. कुठलंही गाणं केव्हाही म्हणायचं नाही. प्रत्येकाची वेळ, ऋतू आणि हातातलं काम ठरलेलं.

देवधरांच्या शाळेत तयार झालेला कान हे ऐकू लागला. या गाण्यांत सूर किती थोडे आहेत हे त्याच्या ध्यानात आलं. तीन, चार, फार तर पाच. तेवढ्यांत बाई कापणी करते, लेकीची पाठवणी करते, देवीला बोलावते. आणि हे थोडे सूर ज्या वळणाने जातात त्या वळणात एखाद्या रागाचं बीज असतं. कुमारजींनी या धुना जमवल्या, त्यांची स्वरलिपी केली, त्यांच्यावर विचार केला. राग लोकधुनेतून उगवतो, हा त्यांचा पुढचा सिद्धांत इथला. अशा रागांना त्यांनी 'धुनउगम राग' म्हटलं. मालवती, लगनगंधार, संजारी, सहेलीतोडी, मधसुरजा, अहिमोहिनी ही नावं ख्यालाच्या जगाला त्यांनी दिली.

मला या काळात सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. धुना जमवण्यामागे कुठलाही कार्यक्रम ठरलेला नव्हता. ठरवणार कसा? गाता येईल की नाही हेच माहीत नव्हतं. ना पुस्तकाची मुदत होती, ना फेलोशिपचा अहवाल. ही धुन पुढे कुठे वापरायची, हा प्रश्नच नव्हता. त्यामुळे ती जशी होती तशी ऐकू आली. वापरायला म्हणून ऐकलं की कान निवडक होतो. बरी वाटली ती धुन उचलतो, ओबडधोबड सोडून देतो. मी स्वतः विद्यार्थ्यांसाठी गाणी शोधायला म्हणून मैफलीत बसते तेव्हा हे माझ्याही बाबतीत घडताना मला दिसतं.

घर कोण चालवत होतं

या प्रकरणातला हा भाग लोक कृतज्ञतेचं एखादं वाक्य लिहून ओलांडून जातात. मला तो तसा ओलांडता येत नाही.

कुमारजी खाटेवर होते तेव्हा भानुमतीबाई देवासमध्ये शाळेत नोकरी करत होत्या. घर त्या नोकरीवर चालत होतं. शुश्रूषा त्यांची, औषधपाणी त्यांचं, नवीन गावात चार माणसं जोडणं त्यांचं. त्या स्वतः गाणं शिकलेल्या. क्षयाच्या रोग्याच्या उशापायथ्याशी राहणं म्हणजे स्वतःचा जीव पणाला लावणंच होतं. १९६१ साली दुसऱ्या मुलाच्या बाळंतपणात त्या गेल्या. टेकडीच्या पायथ्याच्या त्या घराला 'भानुकुल' हे नाव आहे.

इंदूरच्या मित्रांनीही मोठा आधार दिला. 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते, चित्रकार विष्णु चिंचाळकर, रसिक रामूभैया दाते हा सगळा गोतावळा पुढे जन्मभराचा झाला.

म्हणून 'गंतव्याची घाई नको, वाट महत्त्वाची' असं मोघम सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे. वाटेवर रेंगाळणाऱ्याचं घरभाडं कुणीतरी भरत असतं. कुमारजींच्या त्या वर्षांवर बोलताना भानुमतीबाईंचा पगार बाजूला ठेवला तर आपण अर्धीच गोष्ट सांगतो, आणि ती अर्धी गोष्ट ऐकून एखादं पोर नोकरी सोडून बसलं तर त्याला जबाबदार आपण.

परत आल्यावर

औषधं आली, कुमारजी बरे झाले. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झालं होतं. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. वय एकोणतीसच्या आसपास. व्यवहारी माणूस इथे काय करेल? मुंबई गाठेल. जुने आयोजक गाठेल. लोकांना आठवणारं, टाळ्या घेणारं गाणं गाऊन आधी जागा परत मिळवेल, प्रयोग मग बघू म्हणेल. एक फुफ्फुस गेलंय, किती वर्षं हाताशी आहेत ठाऊक नाही, या विचाराने तर आणखीच घाई करेल.

कुमारजी नवीन गाणं घेऊन आले, आणि तेही सवडीने. धुना ऐकल्या १९४८ नंतर. नवे राग आणि बंदिशी असलेला 'अनूपरागविलास' हा ग्रंथ छापून आला १९६५ साली. मध्ये मोठा काळ गेला. या काळात ते 'मालवा की लोकधुनें' घेऊन रसिकांपुढे गेले, आणि पुढे वर्षा, हेमंत, वसंत अशा एकेका ऋतूवर अख्ख्या मैफली बांधल्या. कबीर, सूर, मीरा यांना एकत्र आणणारी 'त्रिवेणी' केली. कवी भा. रा. तांबे यांच्या कवितांवर, बालगंधर्वांच्या गायकीवर स्वतंत्र कार्यक्रम केले. गांधी जन्मशताब्दीसाठी गांधीमल्हार बांधला. एक कार्यक्रम गाजला की तोच वर्षानुवर्षं दौऱ्यावर काढावा, ही चाल त्यांची नव्हती. गाजलेलं बाजूला ठेवून ते पुढच्या विषयाकडे वळत.

मैफलीतही हेच दिसतं. तानपुरे जुळेपर्यंत ते सुरू करत नसत, आणि त्यांच्या मनासारखे तानपुरे जुळायला वेळ लागे. तानपुऱ्याच्या नादाला त्यांनी गाण्याइतकंच महत्त्व दिलं. त्यांच्या ध्वनिफिती लावून बघा. सूर एकदम टोकदार येतो, छोटी आकृती काढतो आणि तुटतो. मधल्या जागेत तानपुरे भरून राहतात. मग कुठून तरी वेगळ्याच दिशेने पुढचा सूर येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आता भरेल ती जागा, आणि ते ती भरत नाहीत.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं, की फुफ्फुस एकच, दम पुरत नव्हता, म्हणून तुकड्यातुकड्याने गायले. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. दम कमी असलेले गवई थोडे नाहीत. तेही तुकड्याने गातात, पण त्यांच्या हातून नवे राग होत नाहीत. फुफ्फुसाने फार तर वाक्याची लांबी ठरवली असेल. त्या आखूड वाक्यात काय सांगायचं हे माळव्याच्या बायकांनी आणि जोग्यांनी ऐकवलं होतं, आणि ते कसं मांडायचं हे ऑपेरा हाऊसजवळच्या शाळेने शिकवलं होतं.

जुन्या वळणाच्या जाणकारांना हे गाणं सहजी मानवलं नाही, हेही सांगायला हवं. विलंबित ख्यालाची सावकाश, पायरीपायरीने होणारी बढत यांच्याकडे नाही, परंपरेच्या बाबतीत फार मोकळीक घेतात, असे आक्षेप जन्मभर झाले. त्यातला काही भाग खरा आहे. मलाही विलंबित ऐकायची तहान लागली की मी कुमारजी लावत नाही. पद्मभूषण मिळालं १९७७ साली, पद्मविभूषण १९९० साली. तोवर वाद निवळले होते, पण ते उशिरा निवळले. मनाजोगतं, सवडीने केलेलं काम लोक लगेच डोक्यावर घेतात, असं हे प्रकरण सांगत नाही.

मग क्लासमध्ये काय

आईबापांपुढे हे प्रकरण ठेवलं की दोन प्रश्न येतात. पहिला, "बाई, तो कुमार गंधर्व होता, आमची पोर साधी आहे." यावर माझं उत्तर असं, की अकराव्या वर्षी जग जिंकलेल्या मुलाला जर वही मिटून पुन्हा सुरापासून बसवावं लागलं, तर साध्या पोरीला त्याची गरज जास्तच आहे. प्रतिभावंताची नक्कलही खपून जाते. आपल्या मुलीच्या पाठ ताना परीक्षकापुरत्या असतात. विशारदचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर तिला घरात, एकटीने, संध्याकाळी तासभर गावंसं वाटलं नाही, तर एवढी वर्षं आपण कशासाठी घालवली?

दुसरा प्रश्न अधिक खरा असतो. एक वडील रिक्षा चालवतात. मुलगा गुणी आहे. दहावीचे वाढीव गुण त्याच्या अकरावीच्या प्रवेशाला उपयोगी पडणार आहेत, आणि विशारद झाला तर चार शिकवण्या घेऊन स्वतःच्या कॉलेजचा खर्च उचलेल असा त्यांचा हिशोब आहे. त्यांना मी 'वाटचालीचा आनंद' सांगायला गेले तर तो त्यांच्या कष्टांचा अपमान होईल. त्यांच्या घरात भानुमतीबाईंचा पगार नाही.

त्या मुलाची परीक्षा मी थांबवली नाही. फॉर्म वेळेत भरला. आठवड्यातले दोन तास परीक्षेचे, वहीसकट. तिसरा तास मात्र परीक्षेबाहेरचा. त्यात एकच राग, सध्या भूप, आणि तो संपवायची तारीख नाही. पाच सुरांतला राग निवडला तो कुमारजींच्या त्या थोड्या सुरांच्या धुना डोक्यात होत्या म्हणून. वही आणायची नाही, मोबाईलवर रेकॉर्ड करायचं नाही, पुढच्या आठवड्यात काय विचारणार हे मी सांगणार नाही. कधी तो गातो, कधी नुसता तानपुरा लावून आम्ही धैवत ऐकत बसतो. कधी त्याच्या आजीची जात्यावरची ओवी तो आणतो आणि तिच्यात कुठले सूर आहेत ते आम्ही दोघं मिळून शोधतो. पहिले काही महिने या तासाला तो कंटाळायचा, "बाई, यात काय लिहून घेऊ?" विचारायचा. मागच्या महिन्यात वडील विचारायला आले, तिसऱ्या तासाची फी वेगळी आहे का, कारण पोरगा तो तास चुकवू देत नाही. फी वेगळी नाही, असं मी त्यांना सांगितलं.